पायासकट पुरावा

मिरजेतला एक दवाखाना पेटवल्याचा आरोप डॉक्टर शुभदा घाटगेवर होता. त्या वेळी ती सांगलीत कामावर होती, हे सिद्ध करणारं कॅमेऱ्याचं चित्रण दाखवायची परवानगी तिचे वकील प्रभुणे यांनी मागितली, तेव्हा न्यायाधीश बाई हसल्याच.

"प्रभुणे, असं चित्रण माझी नातसुद्धा घरबसल्या बनवते. कायद्याने ते केव्हाच बाद झालंय. हातात धरता येईल असं काही आणा."

सरकारी पक्षाकडे तसं होतं. जळालेल्या दवाखान्यात सापडलेली शुभदाची ओढणी.

"आणलंय," प्रभुणे म्हणाले.

बस कंडक्टर रुक्साना मुजावर कुबड्या टेकत आत आल्या. आगीच्या संध्याकाळी, आग लागली त्याच वेळी, सांगलीत शुभदाने त्यांच्या मोडलेल्या पायाला घाईत, हातमोजे न घालताच प्लास्टर घातलं होतं. त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते आणि प्लास्टर कधी घट्ट झालं, हे प्रयोगशाळेतलं यंत्र आता अचूक सांगत असे.

सरकारी वकील उठले. "वस्तू न्यायालयात जमा व्हायला हवी. पायासकट कशी होणार?"

नियम तसाच होता. न्यायाधीश रुक्सानांना म्हणाल्या, "हाड अजून जुळलेलं नाही. तुमच्यावर सक्ती नाही."

"कापा की! डॉक्टरीणबाई इथंच हायत. दुसरं घालतील."

प्लास्टर कापून सीलबंद झालं. आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून शुभदाने तिथेच, सर्वांसमोर, स्थिर हातांनी नवं प्लास्टर घातलं.

पुढच्या तारखेला अहवाल आला. ठसे तिचेच होते, वेळही तीच. "निर्दोष," न्यायाधीश म्हणाल्या. प्रभुणेंनी अभिनंदनासाठी हात पुढे केला, पण शुभदा आधी रुक्सानांपाशी जाऊन खाली वाकली.

"बोटं हलवून दाखवा बघू."