आठ पदकं

"दोनशे मीटर? गेल्या वर्षी एक्केचाळीस मुली होत्या त्यात," गिरीशने लॅपटॉप बायकोकडे वळवला. "आणि पदकं किती? आठ."

"पण उर्वीला तेच आवडतं," वसुधा म्हणाली. "रोज सकाळी स्टॉपवॉच लावून पळते ती."

गिरीश हसला. देश सोडून इथे पार्सिपनीत आलेल्या निम्म्या आयांना वाटतं, आपली पोरगी हरणाच्या जातीची. पळायला काय अक्कल लागते? अक्कल लागते ती अर्ज भरायला. गावच्या मीटचा, म्हणजे मुलांच्या मैदानी स्पर्धांचा, नियम होता: एका मुलाला एकच शर्यत, आणि प्रत्येक शर्यतीत पहिल्या आठांना पदक. गिरीशने गेल्या वर्षीचे निकाल वेबसाइटवरून उतरवून एक्सेलमध्ये टाकले होते. तळाशी होती चालण्याची शर्यत, रेसवॉक. उर्वीच्या वयोगटात त्यात फक्त चार मुली.

"चार मुली, आठ पदकं. शेवटपर्यंत चाललं की मेडल. कॉलेजच्या अर्जात ते कशाचं होतं हे कोण बघतंय?"

"बट बाबा, आय वॉन्ट टु रन," उर्वी म्हणाली.

"पुढच्या वर्षी पळ."

"थोडी प्रॅक्टिस तरी करू दे तिला," वसुधा म्हणाली.

"चालायची प्रॅक्टिस? बाराव्या वर्षी?" गिरीशने बटण दाबलं. अर्ज गेला. पळायचे बूट पायात तसेच ठेवून उर्वी बराच वेळ जिन्यावर बसून राहिली.

शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रसाद भेटला. त्याच्या मुलीला, इलाला बघून गिरीशला हसू आवरेना. गुडघे ताठ, कंबर लचकवत, टाचा आपटत पोरगी बदकासारखी हॉलभर फिरत होती. धड चालता येत नाही, आणि निघाली मीटला!

"नवे शूज चावतायत तिला," प्रसाद घाईने म्हणाला. "उर्वीला कशात घातलंस?"

"दोनशे मीटर," गिरीश बेधडक म्हणाला. "तुम्ही?"

"आम्हीही दोनशेच. जिंकणं-हरणं जाऊ दे यार, स्पिरिट हवं."

मंडळातल्याच आश्लेषाची मुलगी चारुताही दोनशेच पळणार होती. राजच्या मुलीचंही तेच. गिरीशने सगळ्यांना तोंडभरून ऑल द बेस्ट दिलं.

"मोठमोठ्या कंपन्यांत मॅनेजर आहेत म्हणे," गाडीत बसताच तो वसुधाला म्हणाला. "आणि एकालाही साधे निकाल उघडून बघायची बुद्धी नाही. गाढवं सगळी!"

मीटच्या दिवशी गिरीश पदकासोबतच्या फोटोसाठी कॅमेरा घेऊनच निघाला. उर्वी मान खाली घालून त्याच्या मागून चालत होती. रेसवॉकच्या रेषेपाशी मात्र ही गर्दी. चुकीच्या जागी आलो की काय म्हणून त्याने पाटी पुन्हा वाचली.

पाटी बरोबर होती. रेषेवर तेवीस मुली उभ्या होत्या. सगळ्यात पुढे इला, गुडघे ताठ करून सराव करणारी. तिच्या शेजारी चारुता. मग राजची मुलगी. बाकीच्यांचेही आईबाप मंडळातलेच. प्रसाद बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर उठलाच नाही.

उर्वीने वळून गिरीशकडे पाहिलं. तेवढ्यात लाउडस्पीकरवर दोनशे मीटरच्या मुलींना बोलावणं आलं. पाच नावं वाचून झाली आणि माइक बंद झाला.