घंटेतला नांगर

तिसरा आठवडा उलटला तरी घंटेबद्दलची थाप कुणी पकडेना, तेव्हा आपलंच काही चुकलं, असं बाईंना वाटायला लागलं.

नववीचा विकी हे बाईंचं लाडकं खूळ. विकी म्हणजे संगणकावरची वर्गाची सामाईक पानं. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं खोडावं. मित्राची चूक खोडताना भीड नको म्हणून प्रत्येकाने टोपणनाव घेतलेलं. कोण कोणतं, हे बाईंनी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. प्रवेशाचा परवलीचा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला त्या दिवशी असा काही कल्ला झाला, की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. पोरं चिडीचूप झाली तरी ते बराच वेळ फळ्याकडे बघत होते.

प्रत्येक पानात बाई स्वतः एक थाप पेरत. पोरांनी ती हुडकायची आणि खोटी कशावरून, याचा आधार द्यायचा. नदीच्या पानातली थाप पोरांनी त्याच दिवशी पकडली. 'आमची शाळा' या पानात मात्र, शाळेची पितळी घंटा एका बुडालेल्या जहाजावरची आहे, असं बाईंनी ठोकून दिलं होतं आणि ते कुणी खोडलंच नाही.

उलट ते वाढत चाललं होतं. 'गोगलगाय' नावाच्या कुणीतरी जहाजाला तीन डोलकाठ्या लावल्या. मग कप्तानाला लाकडी पाय दिला आणि कायमची सर्दी. बाई एकट्याच वाचत बसून हसल्या. आणि या सोमवारी गोगलगायीने लिहिलं, 'आधार: घंटेच्या आत जहाजाचा नांगर कोरलेला आहे. शंका असेल त्याने स्टूल आणावं.'

आता मात्र बाईंना चैन पडेना. शाळा सुटल्यावर त्या ऑफिसात गेल्या. मुख्याध्यापकांनी काही न विचारता, पट्टी बांधलेल्या अंगठ्याने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं.

विकीला त्यांचा पहिल्यापासून विरोध. "ज्याला जे वाटेल ते तो लिहिणार, आणि त्याला आपण ज्ञान म्हणायचं?" असं ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले होते. संगणकाशी त्यांचं वाकडंच. साधं पत्र छापायचं तरी बाईंना हाक मारत. वर्ष संपलं की विकी ठेवायचा की गुंडाळायचा, हे तेच ठरवणार होते.

बाई स्टुलावर चढल्या, घंटेत मोबाइलचा उजेड टाकला. नांगर होता.

आपली थाप खरी निघाली? जहाजावरची घंटा आणि ती शोधली नववीच्या पोरांनी! मग विकी बंद करायची कुणाची टाप होती? मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते वाक्यसुद्धा मनात तयार झालं.

मग पोरांना रोज सांगत ते त्यांनी स्वतः केलं. हात लावून बघितला. घंटा आतून काळपट हिरवी पडली होती आणि नांगराच्या रेघा तेवढ्या पिवळ्याधमक होत्या. बोटाला पितळेचा कीस लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला गाठलं. वर्गात सगळ्यात सावकाश लिहिणारी तीच.

"गोगलगाय तू का गं?"

"टोपणनाव सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात, बाई."

"बरं, नको सांगू. घंटेपर्यंत हात पोचतो तुझा?"

"कुणाचाच नाही पोचत. आणि स्टूल तर ऑफिसात असतं."

पोरगी पुढे वकील होणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी विषय सोडला.

पण पुढचं काम सुटणार नव्हतं. मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, घंटेची गोष्ट खोटी आहे. थाप माझीच. कुणीतरी आत नांगरही कोरून ठेवलाय, अगदी ताजा. नुकसान माझ्या नावावर घाला."

"कोरला कुणी?"

"माहीत नाही. कळलं तरी सांगणार नाही."

"बाई, तुम्ही गप्प बसला असतात तर मला पत्ताही लागला नसता."

"पण पान खोटं राहिलं असतं, सर. मग पोरांना कुठल्या तोंडाने सांगू, तपासा म्हणून?"

मुख्याध्यापक संगणकाकडे वळून एका बोटाने एकेक अक्षर टिपत बसले. बाई उभ्याच. विकी गुंडाळल्याचं पत्र असणार, दुसरं काय. वर्षभराची मेहनत आपल्याच तोंडाने घालवली.

"झालं लिहून," ते म्हणाले. "बघा जरा, शुद्धलेखनाची चूक नको राहायला."

बाई टेबलाला वळसा घालून गेल्या. पडद्यावर पत्र नव्हतं. 'आमची शाळा' हे पान होतं आणि तळाशी नवी ओळ होती: 'घंटेची गोष्ट खोटी. आधार: बाईंनी स्वतः चढून तपासलं. हा विकी पुढच्या वर्षीही चालू राहील.'

आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे प्रत्येकाला आपापलं टोपणनाव दिसतं तिथे, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नमस्कार, गोगलगाय.'