पहिली फेरी

अकोल्याकडच्या मालेगावातल्या ताजबीच्या वर्कशॉपचा एक कायदा होता: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक ज्यानं वेल्डिंगनं जोडला, त्यानंच पहिल्या फेरीला भरल्या ट्रॉलीत बसायचं. आज सहा महिन्यांनी गोपाल स्वतः हूक जोडलेल्या ट्रॉलीतल्या गिट्टीवर आनंदानं चढून बसला. पाठदुखीवरच्या गोळ्यांचं व्यसन जडून त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा ताजबीनं त्याला हाकललं नव्हतं; वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला, अकोल्याला इलाजाला धाडलं अन् म्हणाली, “बरा होऊन ये, जागा तुहीच हाये.” आज ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चाचरला, “सपाट रस्त्यानं घेऊ का? चढावर हूक तुटला तं...” गोपालची मान खाली गेली. तेवढ्यात पदर खोचून ताजबी चाकावर पाय देत वर आली. “चाची, तुमी कायले?” गोपाल ओरडला. “तुले कामावर परत घेतलं कोनं? मंग मलेबी बसा लागते!” तिनं ट्रॉलीचा पत्रा थापटून ड्रायव्हरला हाक दिली. “आता चढावरच घे!”