मागची रांग

“रिपोर्ट उत्तम आहे. बाकी काही त्रास?” डॉक्टरांनी विचारलं. शेजारच्या खुर्चीत सून बसली होती.

“नाही,” पद्माकरराव म्हणाले.

प्रोस्टेटचा कॅन्सर गेला होता. सुनेने पेढे वाटले. त्यांनीही एक तोंडात टाकला. चव कळलीच नाही. ऑपरेशन झाल्यापासून खोकलं, शिंकलं, हसलं तरी लघवी सुटायची. पायजमे ते स्वतःच धुवायचे, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता.

“बाबा, आता हास्यक्लबला जा बघू परत,” सून म्हणाली. ते गेले, मागच्या रांगेत उभे राहिले. सगळे हात वर करून खदाखदा हसू लागले. त्यांनीही हात वर केले, तोंड उघडलं. आवाज मात्र काढला नाही.

शेजारचे गृहस्थही तसेच उभे होते. हात वर, तोंड उघडं, आवाज नाही.

“प्रोस्टेट?” ते पुटपुटले.

पद्माकररावांनी मान डोलावली.

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सून होती बरोबर. तुम्ही?”

“माझ्याबरोबर मुलगी.”

“मागची रांग! तुमचा आवाजच येत नाही,” हसायला शिकवणाऱ्या बाई पुढून ओरडल्या.

दोघांनी पुन्हा हात वर केले.