हरकत असल्यास

"ताई, ते पान माझ्या हातात आहे. आणि तुम्ही म्हणता, असं पानच नाही," मास्तर फोनवर म्हणाले.

पलीकडची बाई एका संगणकभाषेची माहितीपुस्तिका सांभाळायची. सी भाषेतून त्या भाषेला कसं जोडून घ्यायचं, ती सगळी पानं तिच्याकडे. वाक्य फोडून दाखवणारी पाच जुनी फंक्शनं, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार आज्ञा, तिनंच गेल्या महिन्यात पुस्तिकेतून काढली होती, कारण नव्या आवृत्तीत ती उरलीच नव्हती. तिनं शांतपणे सांगितलं की आधीच्या दोन आवृत्त्यांत त्या पानावर ठळक सूचना होती. ही फंक्शनं बाद होणार, हरकत असल्यास कळवा. एकही हरकत आली नाही.

"मी पान छापून भिंतीला चिकटवलं होतं हो. भिंतीवर सूचना कुठून उगवणार?"



मास्तर तंत्रशाळेत संगणक शिकवून रिटायर झालेले. बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. हात, मान, जीभ, सगळं गेलं. शाबूत राहिल्या त्या पापण्या आणि बुद्धी. मास्तरांनी तिच्या पापणीला यंत्र जोडलं. ती पापणी मिटून एखाददुसरा शब्द निवडायची. ती पाच फंक्शनं त्यात कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, ते सोडवून द्यायची. मग मास्तरांचा प्रोग्राम कमी पडलेलं भरून अख्खं वाक्य मोठ्यानं बोलायचा. येणारेजाणारे तोंडात बोट घालायचे. सोमवारी जुना संगणक जळाला. धावतपळत नवा आणला, तर तो जुनी आवृत्ती घेईना आणि नव्या आवृत्तीत फंक्शनं नाहीत. तेव्हापासून घर मुकं झालं होतं.

आणि आज चार वाजता डॉक्टर येणार होते. तिला आता गिळता येत नव्हतं, पोटात नळी घालायची होती. काल त्यांनी तिलाच विचारलं, घालू का? हो असेल तर एकदा पापणी, नाही असेल तर दोनदा. तिनं एकदाही मिटली नाही. नुसती बंद यंत्राकडे टक लावून बघत राहिली. तिला स्वतःचं काही सांगायचं होतं. ते कळल्याशिवाय नळीला हो म्हणायला मास्तर तयार नव्हते, आणि नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

नव्या पद्धतीनं सगळं परत लिहायचं तर किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. पंधरा दिवस म्हणाल्या, तेही हात बसलेल्या माणसाला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन.

"काहीतरी करा हो," ते म्हणाले. "जास्त नको. तिचं एक वाक्य निघालं तरी चालेल."

मग बाईंनी हळूच विचारलं, "सर, यंत्र नव्हतं तेव्हा त्या कशा बोलायच्या?"

मास्तर खजील झाले. तेव्हा अक्षरांचा तक्ता होता. तीन दिवस, तीन रात्री ते त्या संगणकाशी झुंजत होते, आणि तक्ता त्यांना एकदाही आठवला नव्हता. बिघाड दिसला की तुम्हाला माणूस दिसत नाही, असं बायको लग्नापासून म्हणत आली होती. आता तेही म्हणता येत नव्हतं तिला.

कपाटावरून तक्ता काढला, बाहीनंच पुसला आणि तिच्यासमोर धरून ते ओळी म्हणू लागले. क-ओळ. च-ओळ. ट-ओळ. त-ओळ. प-ओळ.

पापणी मिटली.

प. पुन्हा मिटली. मग काना, वेलांटी, उकार. उकाराला मिटली.

"पु," मास्तर म्हणाले. त्यांना धीर कुठला. "पुतणी? पुतणीला बोलावू? पुस्तक? वाचून दाखवू का?"

ती बघत राहिली. बायको अशी बघायला लागली की गप्प बसावं, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते पुन्हा ओळींवर आले. य-ओळ. र. काना नाही, वेलांटी नाही, मात्रा.

"पुरे," त्यांनी वाचलं.

मास्तर थांबले. हा शब्द ती रोज निवडायची. पण एकटा पुरे म्हणजे अर्धवट वाक्य, म्हणून त्यांनीच प्रोग्रामला शिकवलं होतं की काय पुरे ते वेळ बघून भर. सकाळी यंत्र म्हणायचं, चहा पुरे. दुपारी, जेवण पुरे. संध्याकाळी, आता वाचन पुरे. आणि मास्तर खूश होऊन कप उचलायचे, ताट उचलायचे, पुस्तक मिटायचे. दिवसातून तीन-तीनदा, दोन वर्षं.

"काय पुरे, अगं?" त्यांनी विचारलं. "पुढचं सांग ना."

ते परत क-ओळीपासून लागले. सगळ्या ओळी संपल्या. परत पहिल्यापासून म्हटल्या, जरा मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं. तिचे डोळे उघडे होते, तक्त्यावर नव्हते, त्यांच्यावर होते. पापणी काही मिटली नाही.

दार उघडंच होतं. डॉक्टर आत आले, तक्ता पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं.

"वा, बोलल्या का? काय म्हणाल्या?"

मास्तरांनी तक्ता खाली ठेवला नाही.

"थांबा जरा, डॉक्टर," ते म्हणाले. "अजून वाक्य पूर्ण व्हायचंय. क-ओळ. च-ओळ. ट-ओळ..."