भिंगरी

वाचकहो, देहातील एका ग्रंथीच्या अतिक्रियेने एका गृहिणीस काय दिले, ते सविनय निवेदन करतो.

डॉक्टरांनी वच्छलाबाईंच्या पसरलेल्या हातांवर कागद ठेवला. तो थरथरू लागला.

"तुमची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे."

"ग्रंथी कसली, ही बाईच जास्त काम करते!" सोबतच्या जाऊबाई हसल्या. "पापड लाटायला बसली की भिंगरी नुसती!"

वच्छलाबाईही सुखावून हसल्या. जन्मभर त्यांना कोणी विचारले नव्हते. गेली दोन वर्षे मात्र महिला मंडळ त्यांना पहिल्या पोळपाटावर मानाने बसवीत असे.

तीन महिने गोळ्या घेतल्या. छातीतील धडधड शमली, झोप परतली, हात मंदावले. पहिल्या पोळपाटावर दुसरीच बाई बसू लागली. "वच्छलाबाई, तुम्ही आपले पापड वाळत घाला, हो," मंडळाच्या अध्यक्षीणबाई प्रेमाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा हातांवर कागद ठेवला. तो तसूभरही हलला नाही.

"उत्तम! आनंद झाला ना?"

वच्छलाबाई त्या निश्चल कागदाकडे, परक्याच्या हातांकडे पाहावे तशा पाहत राहिल्या.

"झाला असेल, डॉक्टरसाहेब."

वाचलेत, आभारी आहे.
आपला नम्र, भिकाजी सोनटक्के