पाचवं पिल्लू

पाळीव प्राण्यांच्या दुकानात दत्तक द्यायची मांजराची पाच पिल्लं होती, पाच पिंजऱ्यांत. सोमवारी पहिलं शिंकलं, मंगळवारी दुसरं, काल तिसरं. आज चौथ्याचं नाक गळताना त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना दिसलं. "याला तरी काही होऊ द्यायची नाही मी!" म्हणत त्यांनी पाचव्याला पोटाशी धरलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डोळ्यांत तेल घालून जपते हो! हात धुऊन धुऊन सोलवटलेत. जास्त आजारी असेल त्याला आधी कुशीत घेऊन भरवते, मग पुढच्याला."

"आणि मध्ये एप्रन बदलता ना?"

मावशींनी खाली पाहिलं. एप्रनवर चार रंगांचे केस होते, वाळलेला शेंबूड होता, आणि त्यातच तोंड खुपसून पाचवं गाढ झोपलं होतं.